पाटावरचा शाफ्ट

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण आरटीओच्या फॉर्मवर ‘पतीचे संपूर्ण नाव’ असा एक रकाना असतो आणि तो मी आतापर्यंत तीनदा भरलाय, तेव्हा आता लाजून काय उपयोग? नवऱ्याचं नाव रघुनाथ. मी मनातल्या मनात त्यांना रघुनाथराव म्हणते. राव लावला की राग जरा झाकून राहतो.

रघुनाथराव डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर. जगातली कुठलीही वस्तू खोलता येते असा त्यांचा विश्वास, आणि तो खोटा नाही, खोलता येतेच. घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सासूबाईंचा स्टोव्ह, शेजारच्यांचा पंखा, सगळं त्यांनी खोललेलं आहे. त्यातला स्टोव्ह परत पेटला. घड्याळ एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवलंय आणि त्याचा विषय आम्ही घरात काढत नाही.

त्र्याण्णव साली दसरा रविवारी आला होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ठाण्याला आरटीओत माझी जीप चालवायची परीक्षा होती. आधी दोनदा माझं हसं झालं होतं. एकदा आठाचा आकडा काढताना मी खांब पाडला आणि एकदा फॉर्मवर फोटो चिकटवायचाच राहिला. शिकाऊ लायसनची मुदत त्याच सोमवारी संपत होती. ही वेळ गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

जीप घरात आली ती ठाकुर्लीच्या बाजूची भावकीची शेतं बिल्डरला गेली तेव्हा. गावात प्रत्येक घरात काही ना काही आलं. कुणाकडे गुळगुळीत फरशी, कुणाकडे दारातून आत न जाणारा सोफा, आमच्याकडे जुनी डिझेल जीप. ती चालवायला मला शिकवलं रघुनाथरावांनीच, मोकळ्या मैदानात, दर रविवारी. शिकवताना स्वतःच डोळे मिटून घेत. चार दिवसांत मी कंटाळेन असं त्यांना वाटलं असावं.

गावातल्या बायका विचारायच्या, तुला कशाला गं हवंय लायसन? मी म्हणायची, हौस. हौस म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. खरं कारण हौस नव्हतं.

माझं माहेर कल्याणच्या पलीकडे. दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की आतल्या अंगाला, खाडीकाठी. त्या दसऱ्याच्या दोन वर्षं आधी एका दुपारी किराणावाल्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. माझ्या बाबांना, गोमाजींना, झटका आला होता. अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि त्यांना कल्याणला दवाखान्यात न्यायचं होतं. गावातून एक टेम्पो कल्याणला निघाला होता, त्यात घालतो म्हणाले. मीच फोनवर ओरडले, “टेम्पोत कोंबू नका त्यांना. मी जीप घेऊन येते. थांबा.” ते थांबले. जीप अंगणात उभी होती, किल्ली खिळ्याला होती आणि ती चालवणारा माणूस कंपनीत होता. मी कंपनीच्या गेटवर फोन केला, किल्ली हातात घेतली आणि ओट्यावर बसले. आत्ता येतील, आत्ता येतील म्हणत दुसरं काहीच केलं नाही. दोन तास बसले.

बाबा वाचले. उजवा हात आणि उजवा पाय मात्र गेला तो गेलाच, आणि बोलणं अर्धं राहिलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. रघुनाथराव म्हणाले, निरोपच उशिरा मिळाला. मी कुणाला दोष दिला नाही, कारण थांबा म्हणणारी मी होते. पण पुन्हा कधी तसं हातात किल्ली घेऊन बसायचं नाही, हे मी ठरवलं होतं. त्यासाठी मला लायसन हवं होतं.

तर शुक्रवारी, अष्टमीला, संध्याकाळी रघुनाथराव कंपनीतून आले. मला शेजारी बसवून त्यांनी जीपची एक चक्कर मारली आणि गंभीर चेहरा केला.

“ऐकलंस? गियर टाकला की खालून टक् वाजतंय. क्रॉस गेलेत.”

“मग?”

“मग काय? इन्स्पेक्टर आवाज ऐकला की बोलणार, गाडीच धड नाय, कसली टेस्ट देतेस. घरच्या घरी बदलून टाकतो. तू टेन्शन नको घेऊ.”

जीपचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. दोघांच्या मधे पोटाखालून एक जाड लोखंडी नळा फिरत असतो, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक लोखंडी तुकडा बसवलेला असतो. तो क्रॉस. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, तरी क्रॉसमुळे नळा तिरका होऊन फिरत राहतो. क्रॉसच्या चारी टोकांवर चार छोट्या वाट्या घट्ट बसवलेल्या असतात आणि प्रत्येक वाटीत कडेने बारीक सुया उभ्या केलेल्या असतात, ग्रीसमध्ये. मला हे शुक्रवारी माहीत नव्हतं. रविवारपर्यंत तोंडपाठ झालं.

“उद्या कंपनीला सुट्टी आहे,” ते म्हणाले. “सकाळी कल्याणहून नवीन क्रॉस आणतो. जेवायच्या आत शाफ्ट वर.” आणि दिवे लागायच्या आधी त्यांनी जीपखाली शिरून शाफ्ट खाली उतरवलाही. तो आणि हत्यारांचं पोतं ओट्यावर ठेवून ते हात धुवायला गेले.

उद्या खंडेनवमी. कंपनीत मशीनची पूजा म्हणून सुट्टी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तशीच पूजा आपल्या घरातही असते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, खोटं कशाला बोलू. घरात आम्ही तिघं, आणि ज्या एका माणसाला ते आठवत होतं, त्यांना आम्ही काही विचारलंच नव्हतं.

त्या म्हणजे माझ्या सासूबाई, आवडाबाई. शनिवारी त्या झुंजूमुंजू असताना उठल्या. दरवर्षी त्या कोयता, विळा, खुरपं आणि माझ्या सासऱ्यांचं मिठागरातलं फावडं धुऊन पाटावर मांडतात. शेतं गेली, मिठागरं गेली, पूजा काही चुकली नाही. ह्या वर्षी तर ओट्यावर आयतं मोठं हत्यार येऊन पडलेलं दिसलं. त्यांना आनंदच झाला. त्यांनी चिंच आणि राख घेऊन शाफ्ट असा घासला की जीप कारखान्यातून निघाली त्या दिवशीही तो तसा चकाकला नसेल. घासता घासता त्याचे दोन तुकडे सुटे झाले, कारण एका जागी तो एकात एक सरकणारा असतो. आवडाबाई घाबरल्या नाहीत. एकाचे दोन झाले म्हणजे घरात बरकत आहे, असा त्यांनी अर्थ लावला आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्यांना हळदीकुंकू वाहिलं. पोत्यातले पाने, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळे ओळीने मांडले, वर झेंडू, पुढे नारळ.

अकरा वाजता रघुनाथराव क्रॉसचे दोन खोके घेऊन आले. दारातच थबकले.

“आये, हे काय केलंस?”

“पूजा.”

“अगं, तो शाफ्ट आहे! जीपचा!”

“मंग जीप कोनाची हाय? घरचीच ना?” आवडाबाई उदबत्ती ओवाळत म्हणाल्या. “उद्या सांजंला सोना लुटून आल्याव उचलाचा. तवर कोनी हात लावाचा नाय.”

“सोमवारी सगुणाची टेस्ट आहे.”

“असूंदे. आज हत्याराचा इसावा हाय. तुना नाय का कंपनीन सुट्टी?”

 शाफ्टचं आईला मागून पटवू, आधी हत्यारं उसनी आणू, म्हणत ते गावात निघाले.

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी ओट्यावरून बघत होते आणि दर घराला माझा पारा चढत होता. पहिलं घर चुलत दीर दौलतचं. तो रिक्षा चालवतो. त्याच्या हत्यारांच्या डब्याला हार घालून तो डबा रिक्षाच्या मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसवलेला होता. दौलत म्हणाला, “दादा, पाना दिला असता रे, पण आताच नारळ वाढवलाय त्याच्यासमोर.” पुढे धोंडीबा सुतार. त्याच्या करवती, रंधे, पटाशा मांडून झाल्या होत्या आणि तो त्यांच्या शेजारी घोरत होता. सायकलवाल्याच्या तर हवा भरायच्या पंपालासुद्धा कुंकू. मग हे सायकल काढून कंपनीपर्यंत जाऊन आले. तिथे मशीनांना केळीचे खांब बांधलेले आणि वॉचमन प्रसाद वाटत होता. डोंबिवलीपासून ठाकुर्लीपर्यंत त्या दिवशी एक हातोडी मोकळी नव्हती.

प्रत्येक घरात चहा मात्र मिळाला. तीन वाजता परत आले तेव्हा पोट भरलेलं होतं आणि खिशात खडीसाखर. चेहरा दुःखी होता, पण मला ते दुःख जरा पाय पसरून बसलेलं वाटलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “मंगळवारी गॅरेजला टाकू. टेस्ट काय, परत देता येते.”

परत देता येते! चौथ्यांदा फॉर्म, चौथ्यांदा पतीचे संपूर्ण नाव. माझं डोकंच फिरलं. पण नवऱ्याशी भांडून पाटावरचा शाफ्ट उठणार नव्हता. तो ज्यांनी बसवला त्यांच्याकडेच जायला हवं होतं. मी पदर खोचला आणि आत गेले. आवडाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“आत्या, हत्यार कशाला म्हणायचं?”

“ज्यानं बापय मानूस काम करतंय त्याला.”

“मग वरवंटा?”

“तो दगर हाय.”

“बत्ता?”

“तो खलातला. चुलीजवलचा.”

“सांडशी?”

“ती भांड्यान मोडते.”

“आणि खिळा?”

“खिळ्याची कोन पूजा करतंय?” त्यांनी तांदळातून मान वर केली. “तुना कराचा काय हाय, सगुने?”

“आणि शाफ्ट?” मी म्हटलं. “तो हातात धरून कुणी काही तोडतं का? ठोकतं का? तो हत्यार नाही, आत्या. तो गाडीचा पाय आहे. गाडीची पूजा आज नसते, दसऱ्याला असते. उद्या तुम्ही जीपला हार घालणार, चाकाखाली लिंबू ठेवणार, आणि तिचा पाय इथे घरात. लंगड्या गाडीची पूजा करायची का आपण?”

आवडाबाईंचा हात तांदळातच राहिला. त्यांच्या सगळ्या संसारात पूजेच्या बाबतीत कुणी त्यांना अडवलं नव्हतं, आणि अडवलं ते पूजेनेच. त्यांनी जीपकडे पाहिलं. मग उठल्या, पाटासमोर उभ्या राहून हात जोडले, शाफ्टवरचं झेंडूचं फूल उचलून डोळ्यांना लावलं आणि बाजूला ठेवलं.

“लंगरी गारी नाय पुजाची,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा. पन हतोरीला बोट लावशील तं याद राख.”

मी शाफ्टचे दोन तुकडे अंगणात आणून टाकले. त्यांच्याशेजारी वरवंटा, लोखंडी बत्ता, सांडशी, एक चार इंची खिळा आणि बिल्डरच्या साइटवरून आलेला नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा मांडला. रघुनाथरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्यातला फिटर दुखावला.

“वरवंट्यानं क्रॉस बदलू? कंपनीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाय.”

“सोमवारी मी नापास झाले तर मला तरी कुठे दाखवायला जागा आहे?” मी म्हटलं. “बसा.”

बसले. आवडाबाईही तांदळाचं सूप घेऊन बाहेर येऊन बसल्या, राखण करायला.

वाट्या बाहेर पडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक लॉक असतो, स्प्रिंगच्या पत्र्याची छोटी कडी. ती खिळ्याने उचकटायची आणि सांडशीने ओढायची. पहिली कडी उडाली ती थेट तांदळात गेली. आवडाबाईंनी ती खड्यासारखी वेचून बाजूला टाकली. आठही कड्या निघाल्या. मग शाफ्टचा कान, म्हणजे टोकाशी क्रॉस धरणारा भोकाचा भाग, पाइपाच्या तुकड्यावर टेकवला, वरच्या वाटीवर बत्ता उभा धरला आणि बत्त्यावर वरवंटा. बत्ता मी धरला होता. पहिला घाव माझ्या अंगठ्यापासून सुताएवढ्या अंतरावरून गेला आणि मी जे बोलले ते सासूबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. खालची वाटी हळूहळू पाइपात उतरली. ठकठक ऐकून शेजारची रतन कुंपणावरून डोकावली आणि दसऱ्याच्या मटणाचा मसाला आजच कुटताय का, असं विचारून गेली.

जुन्या वाट्यांमध्ये सुयांचा लाल भुगा झाला होता. आवाज खराच होता म्हणायचा. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पहिला नवा क्रॉस नीट बसला. दुसऱ्याच्या तीन वाट्या बसल्या. चौथी काही केल्या खाली जाईना. अर्धं सूतच उरलं होतं, पण तेवढ्यासाठी लॉक बसत नव्हता. रघुनाथरावांनी वरवंट्याचे पाचसहा घाव घातले आणि वरवंटा खाली ठेवला. उन्हं कलली होती. सासूबाई दिवाबत्तीला आत गेल्या.

“नाय बसत,” ते म्हणाले. “पीसच वाकडा दिलाय दुकानदारानं. सोड. मंगळवारी बघू.”

मी ती वाटी परत ठोकून बाहेर काढली. आत बोट फिरवलं. एक सुई आपली जागा सोडून तळाशी आडवी पडली होती. तीच वाटीला खाली जाऊ देत नव्हती.

“सुई पडलीय.”

“हां,” ते म्हणाले. “पडते कधी कधी.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला, दहावी शिकलेल्या बाईला, पहिल्याच दिवशी जे सापडलं, ते सोळा वर्षं फिटर असलेल्या माणसाला माहीत नसेल? त्यांना माहीत होतं. सुई पडलीय हे कळूनच त्यांनी वरवंटा खाली ठेवला होता. गावभर चहा पीत फिरताना जो चेहरा होता, तोच आता होता.

“मला सरळ सांगा,” मी म्हटलं. “मी पास व्हावं असं तुम्हाला वाटतंय की नाही?”

त्यांनी हाताला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसलं. मग तीच चिंधी परत पुसत बसले.

“तुझ्या बाबांच्या वेळी,” ते म्हणाले, “तू फोन केलेलास ना गेटवर. निरोप उशिरा नव्हता मिळाला. गेटवाल्यानं लगेच येऊन सांगितलेलं.”

मी हातातली वाटी खाली ठेवली.

“मशीन खोललेलं होतं समोर. साहेब बोलला, जोडून जा. मला वाटलं, होईल अर्ध्या तासात. नाही झालं. दीड तास गेला. साहेबाला नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. मग तुला काय तोंड दाखवू म्हणून सांगितलं की निरोपच उशिरा आला.”

“आणि लायसनचं काय?”

“तू गाडी घेशील आणि पोचशील बाबांकडं. अर्ध्या तासात. मग दर महिन्याला जाशील. दर वेळी मला कळणार, किती वेळ लागतो ते.”

मला त्यांच्या डोक्यात वरवंटा घालावासा वाटला. खोटं नाही सांगत. तो हाताशीच होता, आणि खंडेनवमीला त्याला बंदीही नव्हती. दोन वर्षं मी एकटीने ते ओझं वाहिलं होतं. दोन वर्षं रात्री उठून बसत होते की आपण थांबा का म्हटलं. आणि हा माणूस शेजारी झोपून ते सगळं बघत होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

पण सोमवार परवावर आला होता.

“ग्रीस द्या इकडे,” मी म्हटलं.

त्यांनी डबी पुढे केली. मी वाटीत आतून ग्रीस लावलं आणि सुया एकेक करून उभ्या केल्या. शेवटची बसवायला जागाच उरत नाही असं वाटतं, आणि मग ती सगळ्यांना सरकवून बसते. वाटी त्यांनी धरली, बत्ता मी धरला, आणि ह्या वेळी त्यांनी घाव असे घातले की अंगठ्याची भीती वाटली नाही. लॉक बसला. मग शाफ्टचे दोन तुकडे एकात एक सरकवायचे होते. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत यायला हवेत, नाहीतर जीप चालताना थरथरते, असं त्यांनी न विचारता सांगितलं आणि तीनतीनदा जमिनीवर ठेवून, खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. 

रविवारी सकाळी शाफ्ट वर चढवला. पाने पाटावरच असल्यामुळे नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले. आवडाबाईंनी वाकून जीपच्या पोटाखाली पाहिलं, पाय जागेवर आहे ह्याची खात्री केली आणि मगच हार घातला. संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, हत्यारांवर अक्षता पडल्या, तेव्हा त्यांनी स्वतः पाना उचलून माझ्या हातात दिला. लेकाच्या नाही, माझ्या. मी तो रघुनाथरावांना दिला आणि त्यांनी एकेक नट असा आवळला की पाना वाकतो की काय असं वाटलं.

सोमवारी ठाण्याला आम्ही तिघं गेलो. सासूबाईंना घरी राहा म्हणणं शक्य नव्हतं. गाडी त्यांनी पुजली होती, आता ती कशी चालते हे त्यांना बघायचं होतं. जाताना जीप रघुनाथरावांनी चालवली. इन्स्पेक्टर भला माणूस निघाला. आठ काढा म्हणाला, काढला. मागे घ्या म्हणाला, घेतली. चढावर थांबवून पुन्हा उचला म्हणाला, उचलली. शाफ्टबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. खांब चारही उभेच राहिले. तीन वाजता खिडकीतून लायसनचं छोटं पुस्तक माझ्या हातात आलं. आवडाबाईंनी ते उघडून माझा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “कशी बघतंय बघ, जशी काय फौजदारीन.”

येताना मी चालवली. सासूबाईंना घरी उतरवलं. त्या आत गेल्या आणि मी इंजिन बंद केलं नाही.

“मी माहेरी जाऊन येते,” मी म्हटलं.

“मी येऊ?” रघुनाथरावांनी विचारलं. असं विचारायची त्यांच्यावर पहिलीच वेळ असावी.

“या.”

मी क्लच सोडला तेव्हा त्यांनी मनगट वळवून घड्याळात पाहिलं. मला दिसू नये असं पाहिलं, पण मी पाहिलं. पत्री पुलावर गर्दी होती, कल्याणात एक हातगाडी आडवी आली, दुर्गाडीच्या पुलावर वारा होता. पुढे खड्डे सुरू झाले. जीप हलत होती, पण खालून आवाज नव्हता.  वाटेत त्यांनी आणखी दोनदा घड्याळ पाहिलं. माहेरच्या अंगणात मी ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं.

“बत्तीस मिनिटं,” ते म्हणाले.

 मला वाटलं होतं, हा आकडा ऐकला की माझ्या मनाला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतेच बत्तीस वाटले.

बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. रघुनाथराव उतरले, सरळ त्यांच्यापाशी गेले आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसले. मी जीपमध्येच राहिले. तिथून मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी फोनचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, दीड तासाचं सांगितलं. माझ्याशी खोटं बोलले तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “आज सगुणानं गाडी आणली. बत्तीस मिनिटं लागली, बाबा.”

बाबा जावयाकडे बघत होते. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मग त्यांनी डावा हात उचलून जीपकडे दाखवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो.

“मना... बसव.”

रघुनाथरावांनी त्यांना पाठीवर घेतलं. जीपपाशी आणून पुढच्या सीटवर, जिथे ते स्वतः बसून आले होते तिथे, ठेवलं. लुळा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, लुळा हात मांडीवर नीट ठेवला आणि मागे जाऊन बसले. आई भाकरतुकडा घेऊन ओवाळायला बाहेर येत होती. तिला येईपर्यंत थांबावं असं बाबांना वाटेना, डाव्या हाताने ते मला पुढे चल अशी खूण करत होते.

गाडी फाटकाबाहेर पडली. आरशात मला रघुनाथराव दिसत होते. तोंडावर हात धरला होता आणि खांदे हलत होते. माझा राग गेला नव्हता. तो एका दिवसात जाणारा नव्हताच. पण माणसाला रडायचं असेल तर त्याला कुणी बघत बसू नये. मी आरसा वर छताकडे फिरवला आणि दुसरा गियर टाकला.